संदर्भ हवा

मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या हजारो गावांची पानं आहेत. तालुका कुठला, जिल्हा कुठला एवढं सांगणारं एक वाक्य आणि खाली ओळीनं मथळे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळ्यांखाली बहुतेक ठिकाणी काहीच नाही, किंवा कुठल्याही गावाला चालेल असं उन्हाळ्या-पावसाळ्याचं एखादं वाक्य. ही रिकामी जागा पाहून कुणाचे ना कुणाचे हात शिवशिवतात. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा, गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, दुबईत बसून जत्रेची आठवण काढणारा इंजिनियर. 'संपादन'वर टिचकी मारली की पान उघडतं. वशिला लागत नाही, पदवी विचारत नाहीत. मग लिहिलं जातं:

'आमचे गाव सह्याद्रीच्या कुशीत वसलेले निसर्गरम्य गाव आहे. गावातील लोक कष्टाळू, प्रेमळ व धार्मिक वृत्तीचे आहेत. ग्रामदैवत अत्यंत जागृत असून नवसाला पावते. शिवरायांच्या पदस्पर्शाने ही भूमी पावन झाली आहे. तरुण, तडफदार सरपंचांच्या नेतृत्वाखाली गावाचा चौफेर विकास झाला आहे.'

हा उतारा मी रचलेला आहे, पण ज्यानं 'अलीकडील बदल'चं पान चार दिवस डोळ्यांखालून घातलं असेल त्याला तो ओळखीचा वाटेल. आता तोच उतारा एखाद्या मुरलेल्या संपादकाच्या नजरेनं वाचू. 'आमचे' पहिल्या फटक्यात जातं. ज्ञानकोशाला स्वतःचं गाव नसतं. 'निसर्गरम्य' जातं, कारण ते मत आहे. त्याऐवजी गाव कुठल्या नदीकाठी आहे, समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे, पाऊस किती पडतो हे लिहिता येतं. रम्य आहे की नाही ते वाचणारा ठरवेल. 'कष्टाळू, प्रेमळ' जातं (शेजारच्या गावच्या पानावरही नेमकं हेच लिहिलेलं असतं). 'नवसाला पावते' हे काढत नाहीत, वळवतात: 'नवसाला पावते अशी भाविकांची श्रद्धा आहे', आणि पुढे ती श्रद्धा नोंदवणाऱ्या पुस्तकाचं नाव. श्रद्धा आहे ही वस्तुस्थिती झाली. देव पावतो की नाही, हे ठरवणं ज्ञानकोशाच्या अखत्यारीत येत नाही. सरपंच पाच वर्षांनी बदलतील आणि पान तिथंच राहील, म्हणून ते वाक्य सरळ उडतं. शिवरायांचं वाक्य मात्र कुणी घाईनं काढत नाही. त्याच्या शेवटी कंसात दोन शब्द लागतात: संदर्भ हवा.

या दोन शब्दांनी नवा माणूस जितका दुखावतो तितका पान कोरं केल्यानंही दुखावत नाही. 'म्हणजे आम्ही खोटं बोलतो का?' हा पहिला प्रश्न. 'आमच्या आजोबांनी स्वतः सांगितलंय' हा दुसरा. 'गावात कुणालाही विचारा' हा तिसरा. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि तिन्हींचं उत्तर विकिपीडियाच्या घडणीत आहे. खरं-खोटं ठरवायची जबाबदारी या प्रकल्पानं कधी घेतलेलीच नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या पडताळणीच्या धोरणाची सुरुवातच अनेक वर्षं अशी होती की इथं निकष सत्याचा नसून पडताळणीचा आहे. २०१२ मध्ये ते वाक्य सुरुवातीतून हलवून सौम्य केलं गेलं, मथितार्थ तोच राहिला. तुम्ही लिहिलेलं खरं असेलही. पण सोलापूरच्या किंवा शिकागोच्या वाचकाला ते स्वतः कुठं तपासता येईल, एवढंच विचारलं जातं.

मराठी माणसाला हे पचायला जड जातं, कारण कोश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहतो. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला, त्याचे तेवीस खंड झाले. त्यातले पहिले पाच प्रस्तावनेचेच, आणि त्यांत केतकर स्वतः बोलतात, वाद घालतात, जगाच्या इतिहासाची स्वतःच्या पद्धतीनं मांडणी करतात. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश सुरू झाला, त्यातली नोंद वाचून झाली की खाली लेखकाचं नाव असतं. विश्वास त्या नावावर असतो. विकिपीडियावर नोंदीखाली नाव नाही. लिहिणारा प्राध्यापक आहे की आठवीतला मुलगा, कळायला मार्ग नाही आणि कळून उपयोगही नाही. लेखकावर ठेवायचा विश्वास मग ठेवायचा कुणावर? तळटिपेवर. सगळे नियम या एका अडचणीतून निघाले आहेत.

विकिपीडियाच्या आधी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली न्यूपीडिया नावाचा कोश काढला होता. तिथं तज्ज्ञ होते, लेख सात पायऱ्यांच्या तपासणीतून जात. २००३ मध्ये तो बंद पडेपर्यंत पूर्ण झालेले लेख होते जेमतेम पंचवीसच्या घरात. बाजूला कच्चं लेखन करायला जागा असावी म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया उघडला आणि तो मूळ प्रकल्पालाच गिळून बसला. मराठी आवृत्ती १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाली. तज्ज्ञ वगळल्यावर सुरुवातीला काय काय आलं असेल याची कल्पना करता येते. विशेषतः भौतिकशास्त्राच्या पानांवर आइन्स्टाइनला चुकीचं ठरवणारे हौशी सिद्धांतकार येऊन बसू लागले. एकेकाशी वाद घालत बसण्यापेक्षा सरसकट नियम झाला: इथं मूळ संशोधन नको. जे आधी दुसरीकडे, जबाबदार ठिकाणी प्रसिद्ध झालंय तेवढंच आणा.

नव्या मराठी संपादकाची खरी परीक्षा या नियमापाशी होते. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचं उदाहरण घ्या. बखरींच्या परंपरेतून आलेली तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७. लोकमान्य टिळकांच्या हाती आलेल्या आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. राज्य शासनानं २००१ मध्ये ही दुसरी तारीख मान्य केली. विकिपीडियावर हे कसं लिहायचं? आज इतिहासकारांना आणि शासनाला मान्य असलेली तारीख आधी, दुसऱ्या मताचा तिच्या आधारासकट उल्लेख नंतर, आणि दोहोंना जेवढा पाठिंबा आहे तेवढीच जागा. इथपर्यंत कुणाची तक्रार नसते. पण मग एखादा उत्साही सदस्य येतो. त्याच्याकडे पंचांगाचं सॉफ्टवेअर असतं. तो गणित मांडून सिद्ध करतो की १९ फेब्रुवारी ही ज्युलियन गणनेतली तारीख आहे, आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत ती १ मार्च येते, सबब पानावरची तारीख बदलली पाहिजे. गणित बरोबर आहे. तरी बदल उलटवला जातो, आणि चर्चा पानावर नम्र शब्दांत लिहिलेलं असतं की आपला युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे, पण आधी एखाद्या इतिहासविषयक नियतकालिकात तो छापून येऊ द्या.

ज्या भाषेनं इतिहासाचार्य राजवाडे पाहिले तिच्यात हा नियम रुजवायचा आहे, याची मला गंमत वाटते. आयुष्यभर गावोगाव हिंडून दफ्तरं धुंडाळणारा, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापणारा, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करणारा हा माणूस आपल्याकडे अभ्यासकाचा आदर्श आहे. विकिपीडियावर आज राजवाडे सदस्य म्हणून दाखल झाले आणि रात्री सापडलेला कागद सकाळी पानावर चढवू लागले, तर दुपारपर्यंत त्यांचे सगळे बदल परतवले जातील. त्यांना सांगितलं जाईल, बखर असो की सनद, ते प्राथमिक साधन. त्याचा अर्थ लावणारा अभ्यासक दुसरा हवा, आणि आम्ही त्या दुसऱ्याचा हवाला देऊ. राजवाड्यांचा स्वभाव पाहता चावडीवर पुढे काय झालं असतं ते सांगायला नको. (चावडी म्हणजे मराठी विकिपीडियावरची सार्वजनिक चर्चेची जागा.)

थट्टा बाजूला ठेवली तर नियमाचं म्हणणं एवढंच आहे की शोध लावायची जागा मंडळाचं त्रैमासिक, आणि तो शोध मुरल्यावर नोंदवायची जागा कोश. पण ही विभागणी कधी कधी हास्यास्पद टोकाला जाते. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांची 'द ह्यूमन स्टेन' ही कादंबरी अनातोल ब्रॉयार्ड या समीक्षकाच्या आयुष्यावरून सुचली असावी, असं काही परीक्षकांनी लिहिलं होतं. ते विकिपीडियावर आलं. रॉथनी कळवलं की चूक आहे, ती माझे प्रिन्स्टनचे मित्र मेल्विन ट्यूमिन यांच्या बाबतीत घडलेल्या प्रसंगावरून सुचली. त्यांना उत्तर मिळालं की लेखक म्हणून आपला शब्द मोठाच आहे, पण दुय्यम संदर्भ लागेल. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये रॉथनी 'न्यूयॉर्कर'च्या संकेतस्थळावर विकिपीडियाला उद्देशून लांबलचक अनावृत पत्र प्रसिद्ध केलं. पत्र प्रसिद्ध झालं आणि संदर्भ तयार झाला! रॉथ चिडले ते स्वाभाविक होतं. तरी मला विकिपीडियाची बाजू पटते. संपर्क साधणारा माणूस खरोखर रॉथच आहे याचा पुरावा काय होता? आणि उद्या एखाद्या मंत्र्याच्या कार्यालयातून फोन आला की 'साहेबांचं म्हणणं आहे, ते प्रकरण झालंच नव्हतं', तर तो शब्दही प्रमाण मानायचा का?

उलट बाजूचा इतिहास जास्त गंभीर आहे. २००५ च्या मे महिन्यात अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगनथेलर यांच्या पानावर कुणीतरी थापा लिहिल्या. केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता, असं त्यात होतं. मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. प्रकरण गाजल्यावर इंग्रजी आवृत्तीत नवं पान तयार करायला खातं उघडणं सक्तीचं झालं, आणि हयात व्यक्तींच्या पानांसाठी वेगळं, कडक धोरण आकाराला आलं. हयात माणसाबद्दल बिनसंदर्भाचं वादग्रस्त वाक्य दिसलं की 'संदर्भ हवा' लिहून थांबायचं नाही, तिथल्या तिथे काढायचं. नव्या माणसाला हे एकच धोरण पाठ असलं तरी पुष्कळ झालं.

आता संदर्भ कुठून आणायचा. गावाच्या पानाचंच पाहू. लोकसंख्या, घरं, शाळा, पाण्याची सोय यांसाठी २०११ ची जनगणना. इतिहासासाठी शासनाच्या जिल्हा दर्शनिका, आणि त्याआधीचे जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखालचे मुंबई इलाख्याचे गॅझेटियर. साताऱ्याचा आणि पुण्याचा खंड १८८५ चा, नाशिकचा १८८३ चा. देवळं, बाजार, घाटवाटा, किल्ले, कुठल्या गावात कुठल्या वारी आठवडी बाजार भरायचा हे सगळं त्यांत मिळतं आणि नवा संपादक हरखून जातो. इथं एक खड्डा आहे. त्याच गॅझेटियरांत जातींची वर्णनं आहेत, कोण 'आळशी', कोण 'कष्टाळू', कोण 'गुन्हेगार' प्रवृत्तीचे. इंग्रजी विकिपीडियावर भारतीय जातींच्या पानांसाठी ब्रिटिश अंमलातलं असलं लेखन विश्वसनीय धरायचं नाही, असा संकेत पडला आहे आणि तो योग्यच आहे. मराठीत मात्र ही वर्णनं अजून इकडून तिकडून येत राहतात. बाजाराच्या वारासाठी कॅम्बेल चालतो, माणसांच्या स्वभावासाठी चालत नाही. कुठलाही ग्रंथ सरसकट विश्वसनीय नसतो. कुठल्या विधानासाठी, हे दर वेळी विचारावं लागतं.

वर्तमानपत्रांचंही तसंच. बातमी चालते, पण वाढदिवसाच्या पुरवणीतला लेख जाहिरातीच्या पैशातून आलेला असतो हे आपल्याला माहीत असतं. संस्थेच्या स्मरणिकेत स्थापनेची तारीख बरोबर असण्याची शक्यता दांडगी. 'महाराष्ट्रातील अग्रगण्य' हे तिच्यातलं विशेषण कुचकामी. ब्लॉग, फेसबुक, व्हॉट्सअॅप बाद. आणि विकिपीडियाचा संदर्भ विकिपीडियाला तर अजिबात नाही. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्यानं गंमत म्हणून कोआटी या दक्षिण अमेरिकन प्राण्याच्या पानावर लिहिलं की त्याला 'ब्राझिलियन आर्डव्हार्क' असंही म्हणतात. असं कुणीही म्हणत नव्हतं. काही वर्षांत ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते नाव वापरलं, एका विद्यापीठीय प्रकाशनाच्या पुस्तकात ते आलं, आणि मग तेच छापील उल्लेख विकिपीडियावरच्या थापेला पुरावा म्हणून जोडले गेले. मराठीत संकेतस्थळांचे बातमीदार जयंती-पुण्यतिथीचे मजकूर कुठून उचलतात हे आपण पाहतोच. त्यामुळे बातमीची तारीख आणि पानाचा 'इतिहास' शेजारी शेजारी ठेवून आधी कोण, नंतर कोण हे बघायची सवय लावून घ्यावी लागते.

उल्लेखनीयता हा पुढचा अडसर. मराठीत यावरून सर्वांत जास्त मनं दुखावतात, कारण आपल्याकडे कवी फार. स्वखर्चानं काढलेला संग्रह, चार संमेलनांतली सन्मानचिन्हं, स्थानिक दैनिकात आलेला फोटो; एवढ्यावर स्वतःच स्वतःचं पान तयार होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर 'पानकाढा' साचा लागलेला असतो. नियम विचारतो की तुमच्याशी ज्यांचा संबंध नाही अशा लोकांनी तुमच्याविषयी सविस्तर लिहिलंय का. गुणवत्ता किती, हे तो विचारतच नाही, आणि तिथंच तो फसतो. डोना स्ट्रिकलँड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवर २०१८ मध्ये कुणीतरी लेखाचा मसुदा पाठवला. पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून मे महिन्यात तो नाकारला गेला. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालं. भौतिकशास्त्रात हा मान मिळालेल्या त्या तिसऱ्याच स्त्री, आणि मधे पंचावन्न वर्षांचा खंड. विकिपीडिया म्हणाला, आम्ही आरसा आहोत. माध्यमांनी त्यांच्याविषयी लिहिलं नव्हतं, तर आम्ही कुठून लिहिणार? उत्तर खोटं नाही. पण आरसाच म्हणायचं, तर आपल्याकडे ज्यांच्याविषयी कधी छापून आलं नाही अशांची यादी केवढी होईल! दलित रंगभूमीवरचे जलसाकार, तमाशातल्या बायका, गिरणगावातले शाहीर. त्यांतली काही नावं पुस्तकांत आली, बाकीची ऐकणाऱ्यांबरोबर गेली.

प्रताधिकाराचा धडा मात्र महाराष्ट्रानं साऱ्या जगाच्या खर्चानं घेतला. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक शैक्षणिक उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, प्राध्यापकांनी त्याचे गुण द्यायचे, मदतीला स्वयंसेवक राजदूत. शेकडो मुलं एकदम लिहू लागली. बघता बघता लक्षात आलं की बराच मजकूर पाठ्यपुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला आहे. जगभरचे स्वयंसेवक एकेक उतारा तपासत, पुसत बसले. सूचना दिल्या, ताकीद दिली, तरी ओघ थांबेना. नोव्हेंबरमध्ये उपक्रम गुंडाळावा लागला. त्यावर विद्यार्थ्यांना नावं ठेवणाऱ्यांची कमी नव्हती, पण मला ते अन्यायाचं वाटतं. पहिलीपासून आपण मुलांना काय शिकवतो? 'गाईड'मधलं उत्तर वहीत उतरवा, निबंध पाठ करा, प्रकल्पासाठी नेटवरून माहिती काढून डकवा, मुखपृष्ठ रंगीत करा. जे जितकं तंतोतंत उतरवाल तितके गुण. अशा मुलांना एके दिवशी सांगितलं की स्वतःच्या शब्दांत लिहा आणि कुठून घेतलं तेही सांगा, तर ती भांबावणारच. शिवाय स्वतःच्या शब्दांत म्हणजे चार क्रियापदं बदलून नव्हे, हे सांगायला वर्गात वेळ कुणाला होता?

विकिपीडियाला यात एवढं कडक का व्हावं लागतं, ते परवान्यातून समजतं. तिथलं लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली असतं की श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे चालू ठेवून ते कुणीही वापरावं, विकावंसुद्धा. जे आपलं नाहीच ते असं वाटायला काढता येत नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत प्रताधिकार असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, तेव्हा २०६० संपेपर्यंत थांबा. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, प्रेमापोटी त्यांची अख्खी कविता पानावर चढवली तर प्रचालकाला (पानं काढायचे अधिकार असलेल्या सदस्याला) ती काढावीच लागते. आणि ज्या कविता मोकळ्या झाल्या त्यांचीही जागा विकिपीडिया नाही, मूळ साहित्य ठेवणारा विकिस्रोत आहे.

अलीकडच्या वर्षांत उताऱ्याची नवी तऱ्हा आली. यंत्राला सांगितलं की ते गुळगुळीत मराठीत लेख लिहून देतं, खाली संदर्भांची यादीही देतं, आणि यादीतली काही पुस्तकं कधी छापलेलीच नसतात. इंग्रजी विकिपीडियानं २०२५ मध्ये अशी न तपासलेली यंत्रलिखित पानं चर्चेविना तत्काळ काढण्याची मुभा दिली. मराठीत प्रचालक दोन हातांच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यांनी हा ओघ कसा अडवायचा?

तटस्थतेबद्दल नव्या माणसाला वाटतं की ते सर्वांत सोपं असेल. शिव्या द्यायच्या नाहीत, स्तुती करायची नाही, झालं. पण मराठीत क्रियापदालाच आदर लागतो. आंबेडकर 'यांनी' लिहायचं, यात वाद नाही. क्रिकेटपटू 'याने' की 'यांनी'? वर्तमानपत्रं पिढ्यान्पिढ्या सचिन'ने' लिहीत आली. अभिनेत्री 'हिने' की 'यांनी'? आणि औरंगजेब? अफजलखान? एकाला अहो-जाहो आणि दुसऱ्याला अरे-तुरे केलं की पहिल्या वाक्यातच पक्ष ठरला. इंग्रजीतले संपादक 'महाराज', 'संत', 'लोकमान्य' काढून टाकतात आणि त्यांचं काम भागतं. मराठीत तसं केलं तर वाचकाला ते तटस्थ न वाटता उर्मट वाटेल. मग निदान 'ह.भ.प.', 'प.पू.', 'कार्यसम्राट' वगळू, यावर एकमत होतं. तेही नेहमी होतं असं नाही.

हा प्रश्न शब्दांपुरता राहत नाही, हे महाराष्ट्रानं २०२५ च्या फेब्रुवारीत पाहिलं. 'छावा' हा चित्रपट प्रदर्शित झाल्यावर छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून संताप उसळला, महाराष्ट्र सायबरनं विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हा दाखल झाला. लेख कोण लिहितं, फाउंडेशनचा त्यात किती हात असतो, बदल सुचवायचा तर कुठं, यातलं काहीही बहुतेक चर्चांमध्ये नव्हतं. संभाजी महाराजांविषयीच्या जुन्या बखरकारांच्या चित्राला वा. सी. बेंद्रे यांच्यापासूनच्या संशोधकांनी कागदपत्रांनिशी हादरे दिले. हे मराठी वाचकाला माहीत आहे, इंग्रजीतल्या संपादकाला असेलच असं नाही. बेंद्र्यांचं पृष्ठ क्रमांकासह केलेलं एक अवतरण चर्चा पानावर जे करू शकतं ते हजार निषेध करू शकत नाहीत, असं माझं मत आहे. पण पोलिसात नाव जाईल या धास्तीनं जाणता माणूसच गप्प बसला तर ते अवतरण देणार कोण, याला माझ्याकडे उत्तर नाही.

नियमांतली सर्वांत खोल फट मात्र छापील कागदाच्या हट्टात आहे. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला: पुस्तक नसेल तिथं माणसाची मुलाखत ध्वनिमुद्रित करायची आणि तीच संदर्भ म्हणून जोडायची. मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांत तो झाला. केरळातले मुलांचे खेळ, ज्यांवर कुणी पुस्तक लिहिलं नव्हतं, ते अशा रीतीनं नोंदवले गेले. चर्चा खूप झाली, नियम काही बदलला नाही. उद्या कुणीही कुणाचंही बोलणं टेप करून 'संदर्भ' म्हणेल, ही भीती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

यातून वाट काढणारं काम पुण्यात फार आधी सुरू झालं होतं, तेही विकिपीडियाचा विचार न करता. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून अधिक. कुणी गायली, कुठल्या गावची, कुठल्या विषयावरची, अशी त्यांची वर्गवारी केली. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ध्वनिमुद्रणासह, गायिकेच्या नावागावासह प्रसिद्ध होत आहेत. बाईच्या ओठावरची ओवी अशी आधी अभ्यासकांच्या हातून गेली, मग प्रसिद्ध झाली, आणि आता ती पडताळता येते. राजवाड्यांनी कागदांचं जे केलं तेच इथं आवाजांचं झालं.

म्हणून आजोबांनी सांगितलेली गोष्ट ज्याला गावाच्या पानावर आणायचीच आहे त्यानं मोबाइल काढून आधी त्यांचं बोलणं नोंदवून घ्यावं, वर तारीख आणि नाव घालावं. मग जिल्हा दर्शनिकेत, शाळेच्या जुन्या दप्तरात, देवस्थानच्या कागदात तिला कुठं दुजोरा मिळतो का ते शोधावं. मिळाला तर नीट लेख करून जिल्ह्याच्या एखाद्या बऱ्या नियतकालिकाला द्यावा. संपादकानं दोन-चार प्रश्न विचारले तर रागावू नये. लेख छापून आला की त्याचा संदर्भ शक्यतो स्वतः विकिपीडियावर नेऊन जोडू नये, चर्चा पानावर नुसता उल्लेख करून दुसऱ्या कुणाला तरी जोडू द्यावा. हितसंबंधांचाही नियम आहे.